रात्रीची खाज, सकाळची आंघोळ : लहान मुलांतील सुतकृमींविषयी
(आरोग्य केंद्रातील पालक सभेत महिला वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय चारचौघांत काढण्याजोगा नाही, असा आपल्याकडे समज आहे. मागील सभा संपल्यावर सर्व मंडळी उठून गेली आणि एक आजी मागे थांबल्या. हलक्या आवाजात त्यांनी विचारले, "नातवाने शाळेत जंताची गोळी घेतली. सुनेने वर आणखी औषध पाजले. तरी दीड महिन्यात पुन्हा पांढरे किडे दिसू लागले. खोट औषधात आहे, की आमच्या घरात?" सून दाराशी खाली मान घालून उभी होती. घरात काय बोलणे झाले असेल, ते मला न सांगताच कळले. त्या दोघींना जे उत्तर दिले, तेच आज सर्वांसमोर सविस्तर सांगणार आहे. खोट औषधात नव्हती आणि सुनेच्या स्वच्छतेतही नव्हती. औषध एकाच मुलाला आणि एकदाच दिले गेले होते, एवढेच झाले होते.

ज्या जंतांविषयी आपण बोलत आहोत, त्यांना सुतकृमी म्हणतात. बोलण्यात आपण त्यांना नुसते बारीक जंत म्हणतो. हिंदी भागात त्यांना चुरने म्हणतात. शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्याचा अर्धा-एक सेंटिमीटर तुकडा कापून ठेवावा, तसे ते दिसतात. फरक इतकाच की तो तुकडा वळवळतो. मादी सुमारे 8 ते 13 मिलिमीटर लांब असते, नर त्याहून पुष्कळ लहान. गांडुळासारखा लांब जंत मुलाच्या शौचातून पडला तर तो निराळा प्रकार होय. त्याची अंडी मातीत काही आठवडे राहिल्यावरच रोग देण्याजोगी होतात. अंकुशकृमी अनवाणी पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतो. सुतकृमीला माती लागत नाही, उघडे गटार लागत नाही. त्याला केवळ माणसाचे बोट आणि माणसाचे तोंड पुरते. म्हणूनच तो फरशी घातलेल्या घरात, इमारतीच्या सातव्या मजल्यावर आणि डॉक्टरांच्या घरातही आढळतो. कुत्र्या-मांजरांपासून तो येत नाही. तो केवळ माणसातच राहतो.

त्याचा दिनक्रम एकदा समजला की उपाय पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात. पोटात गेलेल्या अंड्यातून निघालेला कृमी मोठ्या आतड्याच्या आरंभी वाढतो. गिळल्यापासून मादी अंडी घालू लागेपर्यंत साधारण एक ते दोन महिने जातात. मग रात्री, मूल गाढ झोपले असता, मादी खाली उतरून गुदद्वाराच्या बाहेर येते आणि भोवतालच्या त्वचेवर चिकट अंडी घालते. एक मादी सुमारे दहा हजार अंडी घालते. ती डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे खाज सुटते. मूल झोपेतच खाजवते. अंडी नखांखाली जातात. चार ते सहा तासांत, म्हणजे उजाडेपर्यंत, ती अंडी रोग देण्यास सिद्ध झालेली असतात. सकाळी मूल डोळे चोळीत उठते, अंगठा चोखते, आईच्या ताटातल्या पोळीचा तुकडा मोडते, धाकट्या भावंडाच्या गालाला हात लावते. चादर झटकली की काही अंडी हवेत उडून भांड्यांवर, खेळण्यांवर, उशीवर बसतात. थंड आणि दमट जागी ती दोन आठवड्यांपर्यंत, क्वचित त्याहून थोडी अधिक काळ तग धरतात.

आता त्या आजींच्या नातवाकडे वळू. आपल्या देशात 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्ट या दिवशी शाळांत व अंगणवाड्यांत 1 ते 19 वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. त्या दिवशी राहून गेलेल्यांना नंतर नेमलेल्या दिवशी मिळते. ही गोळी प्रत्येक मुलाने अवश्य घ्यावी. मात्र ती मुख्यतः मातीतून पसरणाऱ्या जंतांसाठी योजलेली आहे. त्या वेळी आतड्यात असलेले सुतकृमीही ती मारते, यात शंका नाही. परंतु अंडी मारत नाही. मुलाच्या नखांत, उशीच्या अभ्र्यावर, आजींच्या स्वतःच्या आतड्यात काय आहे, याच्याशी त्या गोळीचा संबंध नाही. गोळी घेतल्यानंतर चौथ्या दिवशी त्या मुलाने पुन्हा एक अंडे गिळले, तर महिना-दीड महिन्याने घरच्यांना तोच पांढरा दोरा दिसणार. औषध फसले असे वाटते. वस्तुतः तो नवा संसर्ग असतो.

हे सांगताना मला स्वतःचीच चूक आठवते. माझी मुलगी साडेचार वर्षांची असताना तिला सुतकृमी झाले. मी वैद्यकीय अधिकारी; माझ्या घरात इतरांना कशाला औषध, असा विचार करून मी केवळ तिला गोळी दिली. सहा आठवड्यांनी ती पुन्हा रात्री उठून रडू लागली. त्या वेळी आम्ही सर्वांनी तपासणी केली, तेव्हा अंडी तिच्या वडिलांकडेही सापडली आणि माझ्याकडेही. आम्हा दोघांना एकदाही खाज आली नव्हती. ज्यांना काहीच त्रास होत नाही अशांकडूनच हा संसर्ग घरात फिरत राहतो, हे पुस्तकात वाचले होते. कळले त्या दिवशी.

म्हणून पहिला नियम हा : औषध घरातील सर्वांनी, एकाच रात्री घ्यावे. सर्वांनी म्हणजे आजी-आजोबांनी, कामानिमित्त उशिरा येणाऱ्या वडिलांनी, घरी मुक्कामाला असलेल्या पाहुण्यांनीही. दुसरा नियम : दोन आठवड्यांनी सर्वांनी तीच मात्रा पुन्हा घ्यावी. पहिल्या मात्रेच्या वेळी जी अंडी बाहेर होती आणि नंतर पोटात गेली, त्यांच्यातून निघालेले कृमी दुसऱ्या मात्रेने, अंडी घालण्याच्या वयास येण्यापूर्वीच, मरतात. दुसरी मात्रा चुकवली तर पहिलीचा लाभ पुष्कळसा वाया जातो. खाज थांबली आहे, मूल शांत झोपते आहे, मग पुन्हा औषध कशाला, असे म्हणून नेमकी हीच मात्रा चुकवली जाते.

अल्बेंडाझोलची मात्रा दोन वर्षांवरील सर्वांना 400 मिलिग्रॅमची एक गोळी, आणि एक ते दोन वर्षांच्या बालकांना तिची अर्धी, म्हणजे 200 मिलिग्रॅम, अशी असते. गोळी चावून खावी. लहान मुलांना ती पूर्ण चुरडून पाण्यातून द्यावी. मूल रडत असता किंवा आडवे असता गोळी कोंबू नये. ती श्वासनलिकेत अडकू शकते. क्वचित थोडे पोट दुखते किंवा मळमळते, ते बहुधा आपोआप थांबते. मूल तापाने वा अन्य आजाराने फणफणत असेल तर ते बरे होईपर्यंत थांबावे. एक वर्षाखालील बालकाला ही गोळी देऊ नये. गर्भवती स्त्रियांनी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, ती स्वतःहून घेऊ नये. स्तनदा मातांनी, फिट्स किंवा यकृताच्या विकारासाठी औषध चालू असलेल्यांनी आधी येथे येऊन विचारावे. ज्यांना औषध देता येत नाही त्यांच्यासाठी स्वच्छतेचे नियम दोन आठवड्यांऐवजी सहा आठवडे पाळावेत, कारण तेवढ्या काळात आतड्यातील कृमी आपले आयुष्य संपवून मरतात आणि नवीन अंडी पोटात गेली नाहीत तर वंश तेथेच थांबतो. शाळेत किंवा अंगणवाडीत नुकतीच गोळी मिळाली असेल तर ती तारीख आम्हाला जरूर सांगावी.

गोळीपेक्षा अधिक वेळ मी सकाळच्या आंघोळीवर घालवणार आहे, कारण लढाई तेथेच जिंकली वा हरली जाते. अंडी रात्री घातली जातात. म्हणून संध्याकाळची आंघोळ येथे कामाची नाही. मूल उठताच, त्याने काही खाण्यापूर्वी आणि भावंडांत मिसळण्यापूर्वी, त्याची चड्डी काढावी आणि मागील भाग साबणाने, वाहत्या पाण्याने धुवावा. ज्या गावांत पाणी तीन दिवसांआड येते तेथील माता मला विचारतात की रोज पूर्ण आंघोळ कशी घालावी. पूर्ण आंघोळ घालू नका. तांब्याभर पाण्यात तो भाग धुवा, त्यातच निम्मे काम झाले. मुलाला उभे करून तांब्याने पाणी ओतावे. दोन मुलांना एका टपात एकत्र बसवू नये. एकाच्या अंगावरची अंडी दुसऱ्याच्या अंगावर जातात. धुवून झाल्यावर आईने आपले हात साबणाने, बोटांच्या बेचक्या आणि नखांखालची जागा घासून धुवावेत आणि मगच कणकेला हात लावावा. हे मी मुद्दाम सांगते. आपल्याकडे मुलाला धुण्याचे काम आणि पहाटेच्या स्वयंपाकाचे काम बहुधा एकच व्यक्ती करते, आणि तिला दोन्हींमध्ये श्वास घ्यायलाही वेळ नसतो. घरातील दुसऱ्या कोणी, मग ते आजोबा का असेनात, सकाळी यांपैकी एक काम आपल्याकडे घेतले तर ते औषधाइतकेच उपयोगी पडेल. हातावर चोळायच्या जंतुनाशक द्रवाने ही अंडी मरत नाहीत. साबण आणि पाणी त्यांना धुऊन काढतात, हाच खरा उपाय.

मुलाची नखे बोटाच्या टोकाबरोबर कापावीत. रात्री अंगाला घट्ट बसेल अशी सुती चड्डी घालावी. मुलाने झोपेत खाजवले तरी बोट थेट त्वचेपर्यंत पोहोचत नाही. हातमोजे घालून काही माता झोपवतात; हिवाळ्यात ते जमते, उन्हाळ्यात मूल काढून टाकते.

औषधाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चादरी, अभ्रे, रात्रीचे कपडे आणि टॉवेल एकदा गरम पाण्यात धुवावेत. अंथरूण गोळा करताना ते झटकू नये. आपल्याकडे चादर खिडकीतून झटकण्याची सवय आहे, तेवढी या पंधरवड्यात आवरावी. हळूच गुंडाळून धुण्यात टाकावे. गोधड्या रोज धुणे अशक्य. त्या उलटून कडक उन्हात टाकाव्यात, प्रखर ऊन अंड्यांना सोसत नाही. कोकणात किंवा ईशान्येकडे पावसाळ्यात ऊन कोठून आणायचे? तेथे अभ्र्यांवर आणि मुलांच्या चड्ड्यांवर गरम इस्त्री फिरवावी. फरशी कोरडी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. दात घासण्याचे ब्रश एकाच पेल्यात उघडे ठेवू नयेत. खेळणी एकदा धुवावीत.

एवढ्यावर थांबावे, अशी माझी विनंती आहे. जंत दिसल्यावर काही घरांत पहिले तीन दिवस पडदे, गाद्या, माळा सारे धुऊन निघते. चौथ्या दिवशी आई थकते आणि सकाळची आंघोळही बंद पडते. भिंती धुतल्या नाहीत तरी चालेल. सकाळचे धुणे, साबणाचे हात, कापलेली नखे आणि रात्रीची घट्ट चड्डी या चार गोष्टी चौदा दिवस एकही दिवस न चुकता कराव्यात.

आता खात्री कशी करावी, ते सांगते. कारण प्रत्येक खाज जंतांची नसते आणि प्रत्येक पोटदुखी तर मुळीच नसते. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी, टॉर्चच्या उजेडात, हलक्या हाताने कुल्ले विलग करून पाहावे. वळवळणारा पांढरा दोरा दिसला तर निदान झाले. शौचातही कधी दिसतो. दिसत नसेल तर येथे या. आम्ही पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा आणि काचेची पट्टी देतो. सकाळी मूल उठताच, शौचास जाण्यापूर्वी आणि धुण्यापूर्वी, चिकटपट्टीची चिकट बाजू गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर दाबावी आणि ती काचेवर चिकटवून आणावी. लागोपाठ तीन सकाळी असे केले तर सहसा चुकत नाही. शौचाच्या तपासणीत ही अंडी पुष्कळदा सापडत नाहीत, कारण ती आतड्यात नव्हे, बाहेर त्वचेवर घातली जातात. शौचाची तपासणी स्वच्छ आली म्हणून जंत नाहीत, असे समजू नये.

झोपेत दात खाणे हे जंतांचे लक्षण, असे घरोघरी मानतात. जंत नसलेली कितीतरी मुले दात खातात. केवळ तेवढ्यावरून औषध देऊ नये. गूळ-साखर खाल्ल्याने जंत होतात, हाही असाच समज. गोडाने दात किडतात हे खरे. जंत मात्र अंडे पोटात गेल्याखेरीज होत नाहीत. वावडिंग, कारल्याचा रस हे आजीबाईच्या बटव्यातले उपाय कोणी प्रेमाने देत असेल तर मी त्याचा उपहास करणार नाही, परंतु गोळीऐवजी त्यांवर विसंबू नये. एका गोष्टीबाबत मात्र सौम्य बोलता येत नाही. गुदद्वाराला रॉकेल लावणे किंवा रॉकेलचा बोळा ठेवणे सर्वस्वी वर्ज्य समजावे. त्वचा भाजते, आणि रॉकेल लावलेले बोट तोंडात गेले तर ते फुप्फुसांत उतरून जीव धोक्यात येऊ शकतो.

मुलींविषयी थोडे वेगळे सांगायला हवे. मादी कृमी कधी कधी पुढच्या बाजूस, योनिमार्गापर्यंत जातो. मग लहान मुलीला तेथे खाज, लालसरपणा, कधी पांढरा स्राव, लघवीच्या वेळी जळजळ होते. काही मुली पुन्हा अंथरूण ओले करू लागतात. गेल्या वर्षी सहा वर्षांची एक मुलगी माझ्यासमोर आली. वर्गात सारखा हात खाली जातो म्हणून तिला बाकावर उभे केले गेले होते, आणि घरी आईने हातावर चमचा तापवून लावण्याची धमकी दिली होती. आईलाही रडू आवरेना. तिला वाटत होते की मुलीला वाईट सवय लागली. चिकटपट्टीवर अंडी खच्चून भरलेली होती. दोन मात्रांनंतर तिसऱ्या आठवड्यात ती मुलगी आली ती थेट माझ्या टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढायला. झोप पुरी न झालेले मूल चिडते, अभ्यासात मागे पडते, खायला नको म्हणते. त्याला मार मिळाला तर खाज तशीच राहते आणि त्यात भीतीची भर पडते. आपल्या मुलाला सांगावे, "तुझ्या पोटात बारीक किडे झाले आहेत, औषधाने जातील." मुले हे फार सहज स्वीकारतात; आपल्यालाच ते जड जाते.

अंगणवाडीच्या ताईंना किंवा शिक्षकांना कळवावे. त्या इतर पालकांना सावध करू शकतात. मुलाला शाळेतून काढून घरी बसवण्याची गरज नाही. औषध घेऊन, सकाळी धुऊन, नखे कापून त्याला नेहमीप्रमाणे पाठवावे.

काही बाबतींत मात्र वाट पाहू नये. शौचातून रक्त पडणे, वजन घटणे, ताप, पोटात तीव्र वेदना, खाजवून झालेल्या जखमेत पू, मुलीला सतत स्राव किंवा लघवीची जळजळ, अथवा घरातील सर्वांनी दोन्ही मात्रा घेऊनही कृमी पुन्हा दिसणे, यांपैकी काहीही असल्यास जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवावे. पुन्हा कृमी दिसले म्हणून दुकानातून आणखी एक गोळी आणण्यापूर्वी घरात कोण राहून गेले, याचा आम्ही मिळून शोध घेऊ. बहुतेक वेळा कोणीतरी राहून गेलेले असते. एका घरात ते दर शनिवारी मुक्कामाला येणारे मामा निघाले.

जाता जाता एक सोय सांगते, जी मी माझ्या घरी दुसऱ्या खेपेस केली. पहिली मात्रा शनिवारी रात्री घ्यावी. रविवारी सकाळी सर्वांना घरी वेळ असतो. चादरी धुणे, नखे कापणे त्या दिवशी उरकते. मग भिंतीवरच्या कालदर्शिकेत पुढचा शनिवार सोडून त्यापुढच्या शनिवारी खूण करून ठेवावी आणि तेथेच घरातील प्रत्येकाचे नाव लिहावे. दुसरी मात्रा घेतली की नावापुढे रेघ मारावी. आमच्याकडे शेवटची रेघ मुलीच्या वडिलांची राहिली होती. रात्री साडेदहाला तिनेच गोळी आणि पाण्याचा पेला त्यांच्या हातात नेऊन दिला.

चिकटपट्टी आणि काचेच्या पट्ट्या औषध खिडकीजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना घेऊन जा. नाव सांगण्याची गरज नाही.